कढीपत्त्याखालची बरणी

आमच्या घरी गरम चहा कधी कोणाला मिळाला नाही. चहा मी उकळताच आणत असे, पण कप हातात घेतला की विनूभावजी उभे राहत आणि म्हणत, "थांबा! कोणी तोंडाला लावायचं नाही."

मग भाषण. पाहुण्यांच्या आईवडिलांचं कौतुक, त्यांच्या गावच्या नदीचं कौतुक, एकदा तर गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाच्या खांद्यांचं कौतुक. तोवर चहावर साय धरलेली. शेवटी कप उंच करून, डोळे मिटून ते म्हणत, "आणि हा घोट, जे इथे नाहीत त्यांच्यासाठी." पोळीचा एक तुकडा मोडायचा, त्यावर चहाचे दोन थेंब टाकायचे आणि तो बाजूला ठेवायचा. मग आम्हाला प्यायची परवानगी.

मुलांनो, हे तुमचे विनूआजोबा, म्हणजे माझे धाकटे दीर. तुम्ही त्यांना फोटोत पाहिलंय: टोपी तिरकी, मिशा सरळ. लग्न केलं नाही. तेलाच्या कंपनीत इंजिनिअर होते. तरुणपणी कंपनीने त्यांना शिक्षणासाठी तेव्हाच्या सोव्हिएत रशियातल्या बाकूला पाठवलं. तिथून सुट्टीत ते कॉकेशस पर्वताच्या पायथ्याशी एका खेड्यात गेले, द्राक्षाच्या काढणीला. गेले ते अजून पुरते परत आलेले नाहीत, असं तुमचे आजोबा म्हणायचे.

त्या खेड्यात हजारो वर्षांपासून घरोघरी वाइन करतात. पिंपात नाही, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या रांजणांत. मूल जन्मलं की एक रांजण भरायचा, तोंड बंद करायचं आणि त्या मुलाच्या लग्नात उघडायचा. जेवताना एक म्हातारा उभा राहून बोलणार, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत कोणी पेल्याला ओठ लावणार नाही. भावजींनी हे सगळं सुरतेत आणलं. फक्त वाइन नाही आणली, कारण गुजरातेत दारूबंदी. असं निदान मी धरून चालले होते.

धरून चालले होते म्हणते, कारण आमच्या अंगणात, कढीपत्त्याखाली, काहीतरी पुरलेलं होतं. तुमची आई जन्मली तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी नाशकाला होते. परत आले तर कढीपत्त्याच्या बुंध्याशी माती नवी, वर फरशी, आणि दोघे भाऊ शाळा चुकवलेल्या मुलांसारखे उभे.

"काय पुरलंय?"

"चिनी मातीची बरणी. मीनलच्या लग्नात उघडायची," भावजी म्हणाले.

"असू दे गं," तुमचे आजोबा म्हणाले.

मी पुढे विचारलं नाही. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, माझ्या घरी कपाटातल्या चादरीसुद्धा रंगांप्रमाणे लावलेल्या असत. जे विचारलं नाही ते आपल्याला माहीत नाही, असं मी ठरवलं. पण त्या फरशीवरून जाताना माझी मान आपोआप खाली जाई. शेजारच्या हंसाबेन कढीपत्ता न्यायला येत, फरशीकडे बघत, माझ्याकडे बघत, आणि नको तितक्या गोड हसत.

तुमचे आजोबा गेले. फरशी राहिली.

मग नव्वद साल उलटल्यावर भावजींचा एक जुना सोबती तिकडून येऊन गेला. त्याने सांगितलं, मधे तिथल्या सरकारने दारू कमी करायला म्हणून वेली उपटल्या होत्या, कारखान्यांपुढे घरचे रांजण मागे पडले होते. आता लोक पुन्हा वेली लावतायत, आजोबा-पणजोबांचे रांजण धुऊन भरतायत. भावजींनी दुसऱ्याच दिवशी घारी ही सुरतेची मिठाई आणली आणि अख्ख्या सोसायटीत वाटली.

"शेनी मिठाई, विनुभाई?" हंसाबेननी गॅलरीतून विचारलं, कशाची म्हणून.

"दारू पाछी चालू थई, हंसाबेन!"

दारू परत सुरू झाली, म्हणे! मी घरात जाऊन पंखा मोठा केला, बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून.

आणि त्याच महिन्यात तुमच्या आईला बघायला बडोद्याची मंडळी यायची होती. मुलगा तुमच्या आईला आवडला होता. एका लग्नात दोघांची ओळख झाली होती, आणि ती आठवडाभर उगाचच पडदे धूत होती. मुलाचे वडील कर्णिकसाहेब नोकरी करत होते गुजरात सरकारच्या नशाबंदी खात्यात.

मी भावजींना समोर बसवलं. "उद्या भाषण नाही. थेंब नाहीत. कॉकेशस नाही."

"वहिनी, मुलीकडून कोणी बोलायला नको का?"

"नको."

ते खरंच बोलले नाहीत. टोपी मांडीवर ठेवून बसून राहिले. कर्णिकसाहेब गरम चहा प्यायले. असा शांत, रीतसर कार्यक्रम आमच्या घरात प्रथमच होत होता. तेवढ्यात हंसाबेन खमणची ताटली घेऊन आल्या आणि प्रेमाने म्हणाल्या, "साहेबने पेली दाटेली बरणी बतावी के?"

"पुरलेली बरणी?" कर्णिकसाहेबांनी कप खाली ठेवला. "कसली?"

तुमच्या आईचा चेहरा मला अजून दिसतो. मला वाटलं, मीच त्या फरशीखाली गेले तर बरं.

भावजी उठले. "मीनलची आहे. लग्नात उघडायची होती. पण तुमच्या मनात शंका राहायला नको, साहेब." त्यांनी कुदळ घेतली. आम्ही सगळे अंगणात. फरशी निघाली, माती निघाली, बरणीचा गळा दिसला. झाकणावर मेणाचा जाड थर. ते मेण भावजी सुरीने इतक्या हळू खरवडत होते, की मला ओरडावंसं वाटलं. झाकण निघालं. कर्णिकसाहेबांनी सरकारी सवयीने नाक पुढे केलं.

"लिंबू!" ते म्हणाले.

मिठातलं लिंबू होतं. काळंभोर, साखरेच्या पाकासारखं दाट झालेलं.

"गुजरातेत वाइन कशी पुरणार, साहेब? मी काय वेडा आहे?" भावजी म्हणाले. "आपल्याकडे जुनं होऊन चांगलं होणारं काय, यावर मी आणि दादा रात्रभर भांडलो. मग बाजारातून लिंबं आणली. चिरली त्याने. त्याच्या बोटाला मीठ झोंबत होतं तरी मला चिरू देईना."

इतकी वर्षं मी लोणच्यापायी मान खाली घालून चालले होते, आणि विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं.

भावजींनी बशा मागितल्या. सगळ्यांना एकेक फोड दिली. पहिली फोड मात्र वेगळ्या बशीत काढून तुमच्या आजोबांच्या खुर्चीवर ठेवली. मी भाषणाला मनाई केली होती, म्हणून भावजी बशी धरून नुसते उभे होते. कर्णिकसाहेबांनी फोड तोंडाजवळ नेली आणि थांबले.

"काहीतरी बोलायचं असतं ना? मीनलने आमच्या मुलाला सांगितलंय. बोला. मग खाऊ."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. पण त्यांना लांबलचक काही सुचलंच नाही. खुर्चीकडे बघून ते एवढंच म्हणाले, "दादा, मुरलं रे."

लग्न ठरलं, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही दोघं आहातच. जन्मलात मात्र समुद्रापलीकडे. तिकडून तुमच्या जन्माचा फोन आला की दर वेळी भावजी लिंबं आणायला गेले. आता कढीपत्त्याखाली दोन फरशा आहेत. हंसाबेन अजून विचारतात आणि मी मोठ्या आवाजात सांगते.

दुसरी बरणी पुरताना मी म्हटलं, "भावजी, यांची लग्नं कधी व्हायची? आणि ती पोरं लोणचं तरी खातील का?"

"घाई नाही, मुरू दे," ते म्हणाले. गरम मेण ते बोटाने झाकणाभोवती फिरवत होते. वर न बघता म्हणाले, "फक्त त्यांना सांगून ठेवा, वहिनी. बरणी उघडली की पहिली फोड वेगळ्या बशीत काढायची. कोणासाठी, ते विचारतील तर सांगा."

तुम्ही विचारायच्या आधीच लिहून ठेवते आहे.