काळूरामचं विमान आणि पार्सलचं रबर

"त्यात काय अवघड आहे? नाकाला पंखा लावायचा, रबर पिळायचं आणि सोडून द्यायचं!" दिपालीने जाहीर केलं आणि बाबांचं विमान पेटीतून अलगद बाहेर काढलं.

विमान कसलं, काड्या-कागदाचं, कांद्याचं सालच ते! अंबाडीच्या रस्त्याला घरच्या शेताच्या जागी भाड्याचं गोदाम उभं राहिलं, तेव्हापासून तिच्या बापाला, काळूरामला, हा नाद लागला होता. एक भाडेकरू गेला की दुसरा येईपर्यंत, वारा नको म्हणून शटर ओढून, तो आत विमानं उडवायचा. बायको गोदूबाई म्हणायची, "लोकांचे नवरे ताडी पितात, माजा रबर पिळतो!"

हे शेवटचं विमान मात्र उडवायच्या आधीच काळूराम गेला. आणि उद्या सकाळी नवा भाडेकरू छतापर्यंत रॅक लावणार होता. उडवायचं तर आजच!

दिपालीने पेटीतला सगळ्यात मोठा पंखा निवडला आणि सगळ्यात बारीक रबर. जेवून आलेला साहेब खुर्चीत वळावा तसा पंखा वळला. विमान जरा घसरलं आणि बसलं.

"इंजिन लहान हाय गो!" राघोकाका म्हणाला. हा काळूरामचा धाकटा भाऊ; जन्म टेम्पो चालवण्यात गेलेला. त्याने खिशातून पार्सलं बांधायचं जाड रबर काढलं.

"काका, हे विमान आहे, टेम्पो नाही."

"मंग तुजं उडलं का?"

नव्हतं उडलं. दिपालीने जाड रबराला छोटा पंखा लावला. घर्रर्र! डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळा पीळ संपला आणि विमान उडी मारून तिथेच बसलं.

"ताकद बघ!" काका खूश. "आता मोठा पंखा लाव!"

लावला. विमानाची काडी धनुष्यासारखी वाकली, ते सरळ वर उसळलं, उलटं झालं आणि काकाच्या डोक्यात घुसलं! विमानाच्या डाव्या पंखाचं टोक मोडलं.

"माणूस गेला, आता त्याचं इमान पन घालवा!" कोपऱ्यात खोक्यावर बसलेली गोदूबाई ओरडली.

दिपालीने टोक चिकटवलं. मोठा पंखा ठेवला, बाबांच्या रिळातलं पहिल्याहून जरासंच जाड रबर कापलं, हलक्या हाताने भरपूर पिळलं आणि विमान सोडलं.

ते घाई न करता वर निघालं. पंखा इतका सावकाश फिरत होता की त्याची पाती वेगवेगळी दिसत होती. घिरटीवर घिरटी! काका बोलायला गेला, तर गोदूबाईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. नवऱ्याने विमान बघायला हाक मारली तरी "कालवण चुलीवर हाय" म्हणून ती कधी आलीच नव्हती.

विमान वर गेलं, गेलं आणि छताच्या लोखंडी तुळईवर जाऊन बसलं.

"शिडी आणतो," काका म्हणाला.

"नको, भावजी. बसू दे. जमिनीवर कवा त्यांचा जीव रमला?"

सकाळी नव्या भाडेकरूचा मॅनेजर वर बघत म्हणाला, "आजी, ते काय अडकलंय? काढून टाकू?"

"हात लावू नको! ते आमचं हाय. भाड्यात धरलेलं न्हाय."

"अहो, पण मालावर पडलं तर?"

"पडंल कसं? माज्या पोरीनं रबर बरोबर लावलंय!"

रबराचा पीळ कालच संपला होता. पण हे आईला सांगायची दिपालीची काही छाती झाली नाही.