उन्हात वाळत घातलेली कांडी

आंब्याला पाणी कधी द्यावं आणि कधी तोडावं, हे या रखरखीत मुलखात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! सगळा जन्म बागेत गेलाय माझा. हे होते तोवर पाटाने पाणी सोडायचे. निम्मं झाडाला, निम्मं यांच्या चपलांना! मग हे गेले, विहिरीचं पाणीही खोल गेलं, आणि शहरातल्या लेकीनं येऊन ठिबक बसवून दिलं. प्रत्येक बुंध्याला काळी नळी, आणि मधल्या झाडाशी मातीत खुपसलेली एक पांढरी कांडी.

"आई, ही मातीतला ओलावा आणि उष्णता मोजते," लेक म्हणाली. "आता थंडीत पाणी तोडायचं. झाडाला ताण बसला तरच मोहोर येतो, नाहीतर नुसती पालवी फुटते."

"मला शिकवतेस? तू रांगत होतीस तेव्हापासून ताण देतेय मी!"

"हो गं बाई! पण फारच कोरडं पडलं, तर माझ्या फोनवर घंटा वाजेल. मी तिथूनच पाणी सोडीन. तुला काही म्हणजे काही बघायला नको."

तिथंच तर सगळं बिघडलं. झाडं आपली आपण पाणी प्यायला लागली आणि मी पडले रिकामी. लेक नातवाला घेऊन यायची ती आंबे पिकल्यावर, सुट्टीत. एरवी तिचं ऑफिस, त्याची शाळा. फोन केला की म्हणायची, "आई, नंतर करते हं!" तो नंतर काही उगवायचा नाही. घरात बोलायला एक रेडिओ, तोही स्वतःचंच घोडं दामटणारा! फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एकदा तण उपटताना ती कांडीच उपटून हातात आली. धुतली, पुसली आणि पायरीवर उन्हात ठेवली. म्हटलं, चहा पिऊन खुपसू. आधण ठेवते न ठेवते तोच फोन!

"आई! माती पार कोरडी पडलीय! झाडं कशी आहेत?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. पण तिचा तो काळजीचा आवाज किती दिवसांनी ऐकत होते!

"झाडं जरा मलूल दिसतायत," मी म्हटलं. "मलाही जरा कणकण आहे."

"अगं, मग औषध घेतलंस का?"

मग नातवाचा दात पडल्याचं कळलं, तिच्या साहेबाच्या कागाळ्या कळल्या. फोन ठेवला तेव्हा आधण आटून भांडं करपलं होतं. घासताना मी चक्क गाणं म्हणत होते.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल! आधी आठवड्यातून एकदा, मग दिवसाआड. कांडी उपटायची, पुसायची, उन्हात घालायची आणि पदर सावरून फोनसमोर बसायचं. बोलणं झालं की कांडी पुन्हा जागेवर. एकदा आभाळ आलं, तर मी ती तव्यावर शेकली! त्या दिवशी लेक किंचाळलीच, "आई, बागेला आग लागलीय का?"

आता गंमत बघा. दर फोनबरोबर ती तिकडून पाणी सोडत होती, आणि इकडे आंब्यातलं सगळं कळणाऱ्या या बाईला ते टपटपणं ऐकूच येत नव्हतं. कान सगळे फोनला!

शेवटी लेकीनं ठिबकवाल्याला धाडलं. चांगला पोट सुटलेला, चाळिशीचा गृहस्थ. झाडाशी गेला आणि तिथंच रुतला.

"मावशी, मशीन म्हणतंय वाळवंट, आणि इथे माझा बूट निघेना!"

"मशीनचं काय खरं हो? या, चहा घ्या."

त्यानं नवी कांडी बसवली. मी नवीही वाळवली. तो परत आला, पुन्हा चहा प्यायला आणि सासूबद्दल तासभर बोलला. मला वाटलं, एका कांडीत दोन माणसं, सौदा वाईट नाही!

मग कप ठेवता ठेवता त्यानं वर बघितलं.

"मावशी, मोहोर कुठाय?"

मीही वर बघितलं. फांदी न् फांदी कोवळ्या, तांबूस, लुसलुशीत पालवीनं भरलेली. मोहोर औषधालाही नाही! सगळा ताण मी मोडला होता. मोहोर नाही तर आंबा नाही, आणि आंबा नाही तर सुट्टीला कोण येतंय?

त्यानं लेकीला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला.

"आई, कांडी कुणी हलवली का गं?"

"कोण हलवणार? इथे आहेच कोण?"

वाटलं, हिला कळलं. मनात म्हटलं, कळू दे बाई एकदाचं!

"बरं," ती म्हणाली. "आंबेच नाहीत, तर या सुट्टीत त्याला पोहायच्या शिबिराला घालते. पुढच्या वर्षी नक्की येतो हं आई."

"घाल, घाल," मी म्हटलं. "पाण्याचंच वर्ष आहे हे!"

"ताई," ठिबकवाल्यानं मधेच तोंड घातलं, "ही घंटा मावशींच्याच फोनवर वाजवू का? त्या इथेच असतात. डोळ्यांनी बघतील, मगच पाणी सोडतील. तुमचीही कटकट गेली."

"बरं होईल हो! भर मीटिंगमध्ये वाजते मेली!"

एवढं भलं माझं आजवर कुणी केलं नसेल. चहा पाजला त्याची परतफेड!

काल दुपारी घर फारच गप्प होतं. पालवीची सावली मात्र अशी दाट, की विचारू नका. मी उठले, कांडी उपटली, पुसली आणि पायरीवर उन्हात ठेवली. पदर सावरून फोनसमोर बसले. आणि वाजला की हो!

"आपल्या बागेतील ओलावा कमी झाला आहे," एक गोड आवाजाची बाई म्हणाली. रोज, सगळ्यांना, हेच सांगणारी. "पाणी सोडण्यासाठी एक दाबा."

"दाबते गं सावकाश," मी म्हटलं. "आधी सांग, जेवलीस का?"