सतरा नंबरच्या कव्हरातला लखू

ही गोष्ट एकोणीसशे ब्याण्णव सालची. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांच्या गच्च्यांवरून केबलच्या काळ्या तारा नुकत्याच लोंबायला लागल्या होत्या आणि श्रीरंगराव गद्र्यांना त्यांत संस्कृतीचा अंत दिसत होता. ते खतांच्या खात्यात अवर सचिव होते, पण जीव सगळा सिनेमात. म्हणजे गंभीर सिनेमात. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्यांच्या बाहेरच्या खोलीत चित्रास्वाद मंडळ भरे. आधी श्रीरंगरावांचं वीस मिनिटांचं प्रास्ताविक, मग व्हीसीआरवर सिनेमा, मग पत्नी इंदुमतीबाईंच्या हातचे पोहे आणि चहा, आणि शेवटी चर्चा. चर्चेच्या वेळी इंदुमतीबाई मोरीत कप विसळत असत.

इंदुमतीबाईंचं व्यसन मात्र दुपारचं होतं. वरच्या मजल्यावरच्या वैजयंतीचा दादरचा भाऊ दिल्लीला येणाऱ्या प्रत्येकाबरोबर गोडा मसाला पाठवी आणि मसाल्याच्या पुड्यांमध्ये एखादी कॅसेट. दर दहा मिनिटांनी कुणीतरी खड्ड्यात पडतं, अशा जातीचे सिनेमे. असली कॅसेट हातात घेऊन जिना उतरायची सोय नव्हती. म्हणून इंदुमतीबाई यजमानांच्या संग्रहातली एखादी कॅसेट वर घेऊन जात, तिथे अदलाबदल करत आणि भडक सिनेमा गंभीर कव्हरात घालून खाली आणत. त्या आठवड्यात ‘लुगड्यातला लखू’ असाच सतरा नंबरच्या कव्हरातून खाली आला होता. खरा सतरा नंबर, दुष्काळावरचा अडीच तासांचा सिनेमा, वैजयंतीकडे लखूच्या कव्हरात पडून होता.

त्या रविवारी नऊ नंबर लागायचा होता. पण विजयालक्ष्मीबाई येणार असा निरोप आला आणि श्रीरंगरावांनी बेत बदलला. या बाई मूळच्या तमिळ, सोलापुरात वाढलेल्या आणि फार मोठ्या हुद्द्यावरच्या. खतांतून सुटून चित्रपट महोत्सवाच्या विभागात प्रतिनियुक्तीवर जावं म्हणून श्रीरंगराव अकरा वर्षं झुरत होते, आणि ती बदली बाईंच्या एका सहीवर होती. नवरा रात्री झोपेत ‘महोत्सव’ म्हणतो हे इंदुमतीबाईंना माहीत होतं.

बाहेर प्रास्ताविकात श्रीरंगराव “संग्रहातला सतरा क्रमांक” म्हणाले आणि आत इंदुमतीबाईंच्या हातून फोडणी करपली. पडद्याआडून त्यांनी बाहेर बसलेल्या वैजयंतीला खूण केली. ती धावत वर गेली आणि तशीच परत आली.

“नाना कॅसेट सोडत नाहीयेत,” ती कुजबुजली. नाना म्हणजे तिचे सासरे, ज्ञानोबा, वय एकोणऐंशी. “लखू समजून लावून बसलेत. दीड तास झाला, एक बाई नुसती विहिरीकडे बघतेय. म्हणतात, इतका वेळ काही होत नाही म्हणजे शेवटी फार मोठा विनोद येणार.”

“अगं वैजू, पाया पड त्यांच्या.”

“पडते. तू तोवर लाइट घालव.”

इंदुमतीबाईंनी व्हरांड्यात जाऊन मेन स्विच खाली केला. आत अंधार झाला, पण प्रास्ताविक थांबलं नाही. अंधार हीच या दिग्दर्शकाची भाषा आहे, असं श्रीरंगराव सांगू लागले. घात केला तो शेजारच्या गुलाबरावांनी. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, परोपकारी, खिशात सदैव टॉर्च. दोन मिनिटांत त्यांनी स्विच वर केला आणि पुन्हा जाऊ नये म्हणून स्वतःच तिथे पहाऱ्याला उभे राहिले.

सिनेमा सुरू झाला. ढोलकी वाजली. लुगडं नेसलेला एक मिशाळ पुरुष म्हशीवरून शेणात पडला.

कुणी हसलं नाही. प्रास्ताविकात वीस मिनिटं ‘मातीचं मौन’ ऐकलेली माणसं ती. हसायची हिंमत कुणाला? एकानं तर वहीत लिहिलं, ‘म्हैस = व्यवस्था?’ श्रीरंगराव पांढरेफटक होऊन व्हीसीआरकडे धावले, तेव्हा मागून विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या, “गद्रे, बसा खाली. दिसत नाहीये.”

लखू दुसऱ्यांदा पडला, तेव्हा बाई हसल्या. मग सगळी खोलीच फुटली. होणाऱ्या सासऱ्याला चुकवायला लखू बाई बनून एका मोठ्या वाड्यात स्वयंपाकाला राहतो. पीठ उधळतं, मिशी पदरात लपवावी लागते, म्हातारा कारभारी मागे लागतो, सगळं असायचं तसंच. पण शेवटी वाड्यात चोरी होते. आळ येतो स्वयंपाकिणीवर आणि ओळख पटवायला घरची अकरा माणसं उभी करतात. सहा महिने तिच्या हातचं जेवलेली. एकाला बांगड्या आठवतात, एकाला वांग्याची भाजी. चेहरा कुणालाच आठवत नाही, नावही नाही. लखू लुगडं उतरवून, मिशीसकट त्यांच्यासमोरच उभा असतो. सुटतो तो, पण सुटताना मिशीत रडतो.

सिनेमा संपला.

“गद्रे,” विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या, “हा तुम्ही निवडलात?”

श्रीरंगरावांनी कपाळ पुसलं. “नाही मॅडम. ही मिस्टेक... म्हणजे, आमच्या मिसेसनं गडबड केली. ही निवड तिची.”

“अच्छा. नाव काय त्यांचं?” बाई श्रीरंगरावांकडे बघत नव्हत्या. मंडळातल्या चोवीस जणांकडे बघत होत्या.

नऊ वर्षं दर महिन्याला तिचे पोहे खाल्लेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. “गद्रेवहिनी,” एक जण म्हणाला. पुढे कुणाला येईना. नाव माहीत असलेली एकटी वैजयंती अजून वर सासऱ्यांपाशीच अडकली होती. श्रीरंगरावांनी तोंड उघडलं, पण नऊ वर्षांत त्या खोलीत ते नाव आपण कधी उच्चारलं नाही हे त्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं असावं. तोंड उघडंच राहिलं.

“इंदुमती,” पडद्याजवळून इंदुमतीबाई म्हणाल्या.

“या, बसा. काय आवडलं तुम्हाला यात?”

“पहिल्यांदा नुसती हसले,” हात पदराला पुसत त्या म्हणाल्या. “दुसऱ्यांदा पोळ्या लाटता लाटता फक्त ऐकला. तेव्हा कळलं, अख्ख्या सिनेमात त्याला कुणी नावानं हाक मारत नाही. लिहिणाऱ्यानं मुद्दाम केलंय ते. म्हशीच्या आड लपवलंय.”

त्या दिवशी चर्चा दोन तास चालली. कप तसेच पडून राहिले.

पुढे वैजयंती नोएडाला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. गुलाबराव मुलाकडे नागपूरला गेले. तिथेही ते मीटरपाशी उभे असतात म्हणे. ज्ञानोबांनी दुष्काळ शेवटपर्यंत पाहिला. विनोद आला नाही, पण डोळे पुसत ते म्हणाले, “पुन्हा लाव.” देवाघरी जाईपर्यंत त्यांनी तो चारदा पाहिला. लखूची कॅसेट विजयालक्ष्मीबाई घेऊन गेल्या, ती काही परत आली नाही.

श्रीरंगरावांची बदली झाली नाही. ते खतांतूनच निवृत्त झाले. महोत्सवाच्या विभागातून एक पत्र मात्र आलं होतं. निवड समितीवर सामान्य प्रेक्षकांपैकी एक सदस्य हवा होता आणि पाकिटावर नाव होतं श्रीमती इंदुमती गद्रे. तीन वर्षं श्रीरंगराव त्यांना स्कूटरवरून तिथे पोचवत आणि सिनेमा सुटेपर्यंत फाटकाजवळच्या बाकावर बसून राहत. नियमाप्रमाणे चौकीदार त्यांची रोज नोंद करी. नाव विचारायची त्याला कधी गरज पडली नाही. तो लिही, “इंदुमतीजी के साथ, एक.”