बंद करण्याचे अधिकार

पुसदच्या जलालभाईंच्या घरी तीन बर्नरची काचेची शेगडी आली आणि त्या दिवसापासून त्या घरात चहा ही प्रशासकीय बाब झाली.

जलालभाई एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक टेबलावरून नुकतेच सेवानिवृत्त झाले होते. घरात ना आवक होती ना जावक, त्यामुळे माणूस कासावीस होता. शेगडीसोबतचं माहितीपत्रक त्यांनी चष्मा पुसून वाचलं. त्यात जागोजागी 'धोका' छापलेलं पाहून निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

"आजपासून गॅस कोनीबी, कसाबी पेटवायचा नाही," त्यांनी बायकोला बजावलं.

"लग्न झाल्यापासून मीच पेटवून राह्यली," जोहराबी म्हणाली. "घर जळालं काय?"

"जळालं नाही, हा निव्वळ योगायोग हाय."

पहिला आदेश निघाला, तो खिडकी उघडी ठेवूनच गॅस पेटवण्याचा. खिडकीतून वारा आला, ज्योत विझली, गॅस मात्र सुरूच राहिला. तेव्हा आदेशात दुरुस्ती होऊन खिडकी पेटवताना बंद आणि पेटल्यावर उघडी असं ठरलं.

शेगडीला आपोआप पेटायची सोय होती. पण आपोआप होणाऱ्या कुठल्याही कामावर जलालभाईंचा विश्वास नव्हता. शिवाय त्यांना त्यात मोठाच दोष दिसला. "गॅसबी एकाच्याच हातात आन् ठिणगीबी त्याच्याच हातात? घोटाळे असेच होतात." म्हणून अधिकारांची विभागणी झाली. बटन जोहराबीकडे, लायटर सुनेकडे, म्हणजे सैफच्या बायकोकडे, शमाकडे. 'चालू' असा हुकूम जलालभाई देणार. आणि ठिणगी गॅसपासून दूर असावी म्हणून लायटरचा मुक्काम बैठकीतल्या कपाटात.

जोहराबी आधी चिडली, मग तिला गंमत वाटू लागली. बटनाची आपण एकटी मालकीण, हे तिला मनातून आवडलंही होतं. तिने ठरवलं, नवऱ्याचा हुकूम अगदी अक्षरशः पाळायचा. बघू कुठवर जातो.

एके दुपारी बाभुळगावहून शमाचे आईवडील आले. बैठकीतून जलालभाईंनी आवाज दिला, "चालू!"

जोहराबीने खिडकी बंद केली, बटन फिरवलं. शमा लायटर आणायला बैठकीत गेली, तर आईने तिचा हात धरला. "कित्ती वाळली वं माय! जेवतेस का नाही?" आईचा हात सोडवून लायटर घेऊन जाणं शमाला बरं दिसेना. ती बसली.

आत गॅसचा फुसफुस आवाज येत राहिला. वास नाकात शिरला. जोहराबीचा हात बटनाकडे गेला आणि हट्टाने परत आला. तिला बटन फक्त चालू करायला सांगितलं होतं.

"सैफचे अब्बा, बटन चालू हाय!"

"मंग पेटवा ना!"

"पेटवायचं शमाकडं हाय."

"मंग बंद कर!"

"बंद करायचं कोनाकडं हाय?"

जलालभाईंनी सगळे आदेश मनातल्या मनात चाळले. चालू करण्याबाबत सविस्तर तरतूद होती. बंद करण्याबाबत एक अक्षर नव्हतं.

"थांब, हे पाहा लागते," असं म्हणत ते आत आले. वासाने त्यांना ठसका लागला. धूर-वास बाहेर जावा म्हणून भिंतीत पंखा बसवलेला होता. त्याच्या बटनाकडे त्यांनी हात नेला. ते बटन दाबलं की निळी ठिणगी उडायची. जोहराबीने कितीदा तक्रार केली होती, आणि विषय जलालभाईंच्या विचाराधीन होता.

जोहराबीची गंमत तिथेच संपली. तिने त्यांचं मनगट धरून मागे ओढलं, शेगडीचं बटन फिरवलं, सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद केला, खिडकी ढकलून उघडली. "बाहेर चला! समदे अंगनात!"

अंगणात आल्यावर तिने मान वर केली. समोर शमा उभी होती, व्याही-विहीण उभे होते. नवऱ्याची जिरवायच्या नादात आपण काय करून बसलो असतो, हे उमगून तिला कोणाकडे बघवेना.

"काय झालं?" व्याह्यांनी विचारलं.

"काही नाही," जलालभाई खोकत म्हणाले. "सुरक्षा चाचनी होती. यशस्वी झाली."

पाहुणे गेल्यावर रीतसर चौकशी झाली. अपघात घडला नाही, अर्थात व्यवस्था परिणामकारक आहे, असा निष्कर्ष निघाला. अधिकार नसताना रेग्युलेटरला हात लावल्याबद्दल जोहराबीला समज देण्यात आली. यापुढे बंद करण्याची जबाबदारी सर्वांची सामूहिक राहील, असंही जाहीर झालं.

"सर्वांची म्हंजे कोनाची?" जोहराबीने विचारलं.

"सर्वांची म्हंजे कोना एकाची नाही," जलालभाईंनी खुलासा केला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या विमलताईंनी हे सगळं ऐकलं आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमच्या घरी असले चाळे नाहीत बाप्पा!"

"मंग तुमच्याकडं रेग्युलेटर कोन बंद करते?" जोहराबीने विचारलं.

"करते ना कोनीतरी," विमलताई म्हणाल्या. मग त्यांचं हसू थांबलं. त्या उठल्या, आणि चपला हातात घेऊन घराकडे पळत सुटल्या.

तुम्ही मात्र बसा निवांत. तुमच्या घरी कोणीतरी बघितलंच असेल.