नांदीतले मरळ

आरोग्य तपासणीला आलेल्या आशाताई ममताने नांदीत टॉर्च मारला. "काका, अळ्या झाल्या मच्छराच्या. रविवारी पाहाले येईन. तवापर्यंत पाणी फेकून द्या."

केशवराव लाखांदूरच्या शाळेत तीस वर्षं ग्रंथपाल होते. त्यांनी कुणाला 'नाही' म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. आताही त्यांनी मान डोलावली. पण गुरांची ही जुनी नांद त्यांनी पुस्तकात वाचून अंगणात मांडली होती. पाणी, दगड आणि खंड्या पक्ष्याला बसायला एक वाकडी काडी. दोन महिन्यांत आले ते तीन बेडूक. पक्ष्यांच्या नोंदींच्या वहीतलं खंड्याचं पान कोरंच होतं. पाणी फेकायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

पुस्तकात उपाय होता, मासे सोडा. ते तलावावर मासे धरणाऱ्या धनीरामकडे गेले.

"नांदीत सोडाले मासे पाहिजेत, भाऊ. बारके."

"बारके? तुमाले? काहून लाजवता, गुरुजी!"

धनीरामने हातभर लांबीचे दोन जिवंत मरळ आणून नांदीत सोडले. केशवराव नको म्हणायला शब्द जुळवत होते, तोवर पहिला बेडूक गेला.

जिवंत मरळ घरात राखायचे ते खास पाहुण्यांसाठीच, अशी तिकडची रीत. धनीरामची बायको गुणाबाई टोपलं घेऊन दारावरून जाताना नांदीत डोकावली.

"कवापर्यंत राखाचे हायेत, गुरुजी?"

"रविवारपर्यंत तरी."

गुणाबाईने ओसरीवर बसलेल्या रुचिताकडे पाहिलं. गुरुजींची पोरगी लग्नाचीच होती. दुपारपर्यंत मासळीबरोबर रविवारच्या पाहुण्यांची बातमीही घरोघरी पोचली.

रविवारी दिघोरीहून मेहुणा धनंजय इस्त्रीचा शर्ट घालून एसटीने आला. शेजारणी आल्या. केशवरावांच्या पत्नी सत्यभामाबाई नवऱ्यावर उखडल्या.

"मलेच सांगतलं नाही! पोरगा कोण हाये?"

"कोणीच नाही."

"मंग मरळ कोणासाठी?"

"अळ्यांसाठी."

धनंजय उठून नांदीत डोकावला. मग म्हणाला, "पोरगा नसला तं नसला. मरळ तं हायेत ना, भाऊजी?" गुणाबाई विळी घेऊनच आली होती.

केशवराव नांदीपुढे जाऊन उभे राहिले. "नाही," ते म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की तेच दचकले. "ममता पाहून जाईपर्यंत कोणी हात लावाचा नाही."

ममता आली. टॉर्च मारला. "अळी नाही, बेडूक नाही, काहीच उरलं नाही. राहू द्या नांद."

ती वळली तोच काडीवर निळं काहीतरी येऊन बसलं. केशवरावांनी बोट दाखवलं.

"याच्यापायी?" सत्यभामाबाई पुटपुटल्या.

गुणाबाईने विळी खाली ठेवली आणि खंड्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "रंग चांगला हाये. नाक मातर लंबं हाये."

"मले पसंत हाये," रुचिता म्हणाली, आणि बाबांची वही आणायला आत पळाली.