अमेरिकेत अर्धा कोयता

मुलाचा, परमेश्वरचा, अमेरिकेतून फोन आला तेव्हा आसाराम ओसरीवर बसून मिशीला कलप लावत होते. डावी बाजू काळी झाली होती, उजवी अजून पांढरीच होती. त्याच अवस्थेत त्यांनी बातमी ऐकली.

"दादा, अजून पक्कं न्हाई. पर नवा नियम आला तर मंजुषाला हितं नोकरी करता येणार न्हाई. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांनी घरी बसायचं, असं चाललंय."

"आन् तिचा दवाखाना?" मंजुषा, म्हणजे सूनबाई, तिकडे एका दवाखान्याच्या लॅबमध्ये होती.

"दवाखानेवाले हवालदिल झालेत. माझी कंपनीबी. मंजुषा घरी बसली तर आमी दोघंबी परत येणार, हे त्यांना ठाऊक हाय. म्हणून कंपनीनं वकीलबाई दिलीय."

आसारामांना कायद्यातलं काही कळत नव्हतं. पण त्यांनी आधी बारा वर्षं बायकोसोबत ऊस तोडला होता आणि मग वीस वर्षं मुकादम म्हणून आपल्या गावातून, युसूफ वडगावातून, टोळ्या नेल्या होत्या. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. गडी एकटा आला की तो अर्धा कोयता. त्याला मोळी उचलून द्यायलाही कुणी नसतं.

"मंजी माझ्या पोराला अर्धा कोयता करायला निघालेत!" ते असे गरजले, की शेजारची म्हैस उठून उभी राहिली.

"दादा, ऐका. नियम यायच्या आत अर्ज टाकायचाय. लग्न खरं हाय ह्याचा पुरावा पायजे. नवरानवरी नीट दिसत्याल असे दहा फोटो पाठवा."

"दहाच? आरं, सहाशे हायेत!"

आसारामांच्या बायकोने, वत्सलाबाईंनी, ट्रंकेतून अल्बम काढला. ऊसतोडीच्या घरातला पहिला इंजिनिअर, त्याचं लग्न. आसारामांनी कुणाला म्हणून सोडलं नव्हतं. स्टेजवर एकशे आठ सत्कार झाले होते. प्रत्येक फोटोत फेटा, शाल, नारळ आणि सत्कारमूर्ती. नवरानवरी होती, नाही असं नाही, पण मागे. एका पानावर परमेश्वरची मुंडावळी सापडली, सत्ताविसाव्या पानावर मंजुषाचं कोपर.

"ह्यात नवरी कुठंय?" वत्सलाबाईंनी चष्मा पुसून विचारलं.

"ती काय, मोहनरावांच्या मागं."

"आन् हितं?"

"हितंबी मोहनरावांच्याच मागं," आसाराम पडेल आवाजात म्हणाले.

मग त्यांनी ती चूक केली, जी फक्त एकशे आठ सत्कार करणारा माणूसच करू शकतो. ते पारावर गेले आणि म्हणाले, "कुणाच्या मोबाइलात परमूच्या लग्नाचे फोटो हायेत का? अमेरिकेच्या सरकारला पाठवायचेत."

दुपारपर्यंत ओसरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. जो तो आपला फोटो घेऊन आला, म्हणजे खरोखरच आपला. भावकीतल्या कौशल्याबाई तर पदर खोचूनच आल्या. "पत्रिकेत माझं नाव टाकलं न्हवतं. आता फोटो तरी अमेरिकेत जाऊ द्या, न्हाईतर तुमच्या उंबऱ्याला पाय लावायची न्हाई."

मोहनराव गावचे पुढारी. ते गाडीतून उतरले. "आसाराम, माझा फोटो सगळ्यात वर ठेव. वजन पडतंय."

"पर मालक, त्यात नवरी दिसंना."

"मी दिसतोय न्हवं? मग कावून घाबरतो?"

दहा फोटो निवडायचे म्हणजे बाकीच्या गावाशी वैर घ्यायचं. आसारामांनी साधा न्याय केला. गावाने आणून दिले तेवढे सगळे, तीनशे चाळीस फोटो, पाठवून दिले.

तिसऱ्या दिवशी सकाळीच फोन. परमेश्वरचा आवाज रडवेला झाला होता. "दादा, काय करून बसलात हो! वकीलबाई इचारतीय, हा गुलाबी फेट्याचा माणूस कोण? दोनशे बारा फोटोंत स्टेजच्या मधोमध तोच उभा हाय. ती म्हणतीय, अर्ज बघणाऱ्या साहेबाला हाच नवरदेव वाटला तर?"

वत्सलाबाईंनी कपाळावर हात मारला. गुलाबी फेटा आसारामांचा होता.

"आता एकच वाट हाय," परमेश्वर म्हणाला. "घरच्या माणसानं वकीलबाईला जबानी द्यायची. उद्या व्हिडिओवर."

दुसऱ्या दिवशी आसाराम कोट घालून मोबाइलपुढे बसले. मिशी आता दोन्हीकडून काळी होती. वकीलबाई आणि परमेश्वर पडद्यावर दिसताच त्यांनी खाकरून सुरुवात केली, "आजच्या ह्या कार्यक्रमाचे अध्यक्ष..."

वत्सलाबाईंनी मोबाइल त्यांच्यापुढून उचलून घेतला.

"बाई, मी शाळा बघितली न्हाई. ह्यांच्यासंगं बारा वर्सं ऊस तोडला. हे तोडायचे, मी मोळ्या बांधायची. हा परमू पाचटावर निजायचा. तवाच ठरवलं, पोरगं फडात न्यायचं न्हाई, पर त्याची बायको कामाची आणायची. मंजुषाला बघाय गेलतो तवा मी रंग इचारला न्हाई, सैपाक इचारला न्हाई. काम करशील का, एवढंच इचारलं. 'करीन' म्हणली, म्हणून लगीन झालं. आता तिला घरी बसवायची आसंल तर तुमचं सरकार हाय, काय करायचं ते करा. पर लगीन खोटं म्हणू नका. ते खोटं आसंल तर माझी बारा वर्संबी खोटी."

परमेश्वरला हे इंग्रजीत सांगायला बराच वेळ लागला. वकीलबाईने कागद पुढे ओढला.

"आई, ती म्हणतीय, पुन्हा सांगा. सावकाश. तिला सगळं लिहून घ्यायचंय."

आठवड्याभरात टाइप केलेली जबानी कुरिअरने घरी आली. वत्सलाबाईंनी प्रौढांच्या वर्गात शिकलेली सही केली. त्या सहीला चार मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ आसारामांना श्वास घ्यायचीही परवानगी नव्हती.

नियम अजून चर्चेतच होता, तोवर मंजुषाला आणखी काही वर्षं नोकरी करायची परवानगी मिळाली. ही बातमी आसारामांनी पारावर सांगितली, तेव्हा मोहनरावांनी पहिला प्रश्न केला, "कुणाचा फोटो पास झाला?"

"कुणाचाच न्हाई. सही पास झाली. आमच्या घरातली."

पंधरा दिवसांनी दारात जीप थांबली. तेलगावचं एक कुटुंब उतरलं. त्यांचा जावई कॅनडात होता आणि लेकीचे कागद अडकले होते.

"बाहेरदेशाची कामं करणाऱ्या वत्सलाबाई हितंच राहत्यात का?"

"हितंच."

"तुमी त्यांचे कोण?"

'मालक' हा शब्द आसारामांच्या ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला, कोपऱ्यातली सतरंजी उचलून पाहुण्यांसाठी ओसरीवर अंथरली आणि छाती फुगवून सांगितलं, "मी त्यांच्या व्हिसावर हाय. बसा, बाईंना बोलावतो."