बबनतात्यांची घोंगडी

आमचे शेजारी बबनतात्या माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, शर्टाच्या खिशाकडे बघून बोलतात. खिशाला बिल्ला दिसला की, "पावणं, ह्यो कुठं घावला?" इथून सुरुवात होते आणि पाव्हणा मोकळ्या खिशानं घरी जातो.

महाराजांच्या राज्याभिषेकाला साडेतीनशे वर्षं झाली, तेव्हा हा नाद लागला. शिवनेरी आमच्या तालुक्यात, मग काय विचारता! पतसंस्थेनं बिल्ले काढले, दूध डेअरीनं काढले, लेझीम पथकानंही काढले. तात्यांना सगळे हवे होते. रक्तदान शिबिरात वय जास्त म्हणून डॉक्टरांनी परत पाठवलं, तर म्हणाले, "रगात नको तर ऱ्हाऊ द्या राव, बिल्ला तेवढा द्या."

मी इथं पठारावर, आणे गावच्या शाळेत मास्तर. चित्रकला स्पर्धेला तात्या पोरांच्या रांगेत मांडी घालून बसले. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखलेलं घर. मी कागद बघून म्हणालो, "तात्या, मेंढी झकास जमलीय."

"गड हाय त्यो, मास्तर."

मग उत्तेजनार्थ पदक द्यावंच लागलं.

हा सगळा ऐवज त्यांनी वडिलांच्या काळ्या घोंगडीवर टाचून भिंतीला टांगलाय. पठारावरच्या थंडीत स्वतः मात्र पातळ चादरीत कुडकुडतात. घोंगडी पांघरा की, म्हटलं तर म्हणतात, "टोचती." घोंगडीच्या मधोमध एक जागा मोकळी आहे, तिथं सेफ्टी पिन लावून तयार. ती जागा चांदीच्या पदकाची. ते फक्त गडावर पालखीला खांदा देणाऱ्यांना मिळालं होतं.

तात्यांचा नियम एकच. "डबल न्हाई ठेवायचं." जादा आलेला बिल्ला समोर येईल त्याला देऊन टाकतात. माझ्या पिशवीवरच चार आहेत.

फक्त एका बिल्ल्याची जोडी आहे. जुन्नरच्या सोहळ्यात जेवणासाठी पितळी बिल्ले वाटले होते. मांडवाच्या दारात बिल्ला परत द्यायचा आणि पंगतीला बसायचं. तात्यांच्या हातून तो सुटेचना. बुंदीचा वास घेत दारात उभे राहिले आणि उपाशीपोटी एसटीनं गावी आले. गाव अजून हसतं.

गेल्या महिन्यात पेठ गावाहून एक पाव्हणे आले. त्यांनाही हाच नाद. त्यांनी रुमालातून चांदीचं पदक काढलं तसे तात्या उठून उभेच राहिले. पाव्हणे म्हणाले, "तुमच्याकडं पितळी दोन दिसतायत. एक मला द्या, हे तुम्ही ठेवा."

तात्यांनी पितळी बिल्ल्याची पिन उघडली. बंद केली. पुन्हा उघडली. मी मनात म्हटलं, झालं, घोंगडी पुरी झाली.

"न्हाई जमायचं पावणं. च्या घेऊन जावा."

पाव्हणे गेल्यावर मी चिडलोच. "तात्या, वेड लागलंय का? डबल ठेवायचं नाही म्हणता ना?"

"डबल न्हाई त्यो. किसनचा हाय."

किसन त्यांचा धाकटा भाऊ, भिंतीला भिंत लागून राहतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं न विचारता उरलीसुरली मेंढरं विकली. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही.

तात्या खाली बसले. "जुन्नरला त्या दिशी आमी दोगं बी गेलो व्हतो. त्याला भूक लई, तासभर बी कळ निघत न्हाई. पंगतीच्या दाराशी म्या अडून बसलो, तर माझ्यामागं त्यो बी भाईर आला. बिल्ला माझ्या हातात दिला. म्हनला, दादा, तू उपाशी आन् मी जेवू व्हय? ठेव तुझ्यापाशी, लागला तर मागून घीन."

मला हसावं की काय करावं कळेना. तरी म्हणालो, "अहो, किसन कशाला मागायला येतोय पितळेचा बिल्ला?"

तात्यांनी बिल्ला धोतराच्या सोग्यानं पुसला, जागच्या जागी टाचला आणि पलीकडच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "आला म्हंजे? त्यो दारात आला आन् माझ्यापाशी द्यायलाच काय नसलं, तर त्यो तसाच माघारी जाईल की, मास्तर."